जमिनीपासून वर

तिचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण सगळे तिला टेपताईच म्हणत. वय अवघं बत्तीस. पडदे शिवायचं काम. मोजमापाची पिवळी टेप गळ्यात अशी कायमची की भाजी आणायला गेली तरी ती तिथेच लोंबत असायची. नवरा बस ड्रायव्हर, बोलायला मोकळा. तो म्हणायचा, "हिला टेप काढून आरशासमोर उभी केली, तर ही कोण बाई आली म्हणून मलाच विचारेल."

माप घ्यायची तिची एक रीत होती. कुणाच्याही घरी गेली की चप्पल बाहेर काढायची, खिडकीशी उभी राहायची, टेपचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायची आणि टेप सरळ वर ओढायची. पडदा फरशीवर लोळता कामा नये आणि तोकडाही दिसता कामा नये, जमिनीपासून बरोबर अर्धा इंच वर. बारा वर्षांत तिचा एकही पडदा परत आला नव्हता, आणि याचा तिला थोडा माजही होता.

त्यांचं पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. लग्नानंतर दोघांनी पोटाला चिमटा काढून घेतलेलं, दोन खोल्यांचं. तेव्हा छत्तीस पायऱ्या दोघांच्या खिजगणतीतही नव्हत्या. मुलगी झाली, तिच्या पायांचे स्नायू जन्मापासून ताठ आहेत हे कळलं, आणि मग मात्र एकेक पायरी मोजली जाऊ लागली. सपाट जागेवर मुलगी वॉकर धरून छान चालायची. पायरी आली की खेळ खलास. तिला उचलून खाली न्यायचं, पुन्हा वर आणायचं. बाप घरी असला की खांद्यावर घेऊन ओरडायचा, "बाजूला व्हा, सरकारची स्वारी निघाली!" म्हणून तिचं नाव सरकार पडलं. पण बापाची ड्यूटी बदलती, तेव्हा बहुतेक वेळा स्वारी आईच्या कडेवरूनच निघायची. जिन्याच्या वळणावर शेजाऱ्यांनी एक स्टूल आणून ठेवलं होतं, तिला दम खायला. सरकार आठ वर्षांची झाली, वजन बावीस किलो झालं, आणि टेपताईच्या कमरेने एक दिवस स्टुलावरून उठायलाच नकार दिला.

पण घर विकायचं ठरलं ते कमरेमुळे नाही. खाली मुली खेळत होत्या आणि सरकार खिडकीत बसली होती. टेपताई हातातलं शिवण ठेवून म्हणाली, "चल, नेते तुला."

"नको."

"का गं? मघाशी तर मागे लागली होतीस."

"सगळ्या मुली आईला न सांगता खाली जातात," सरकार म्हणाली. "मला पण न सांगता जायचंय."

त्याच आठवड्यात नवऱ्याने जागा बघायला सुरुवात केली. गावाबाहेर नवीन गल्ल्या पडत होत्या, तिथे एक छोटा प्लॉट मिळाला. घर विकायचं, त्यात जे येईल त्यातून तळमजल्याचं घर बांधायचं, वर काही नाही. गिऱ्हाईक पटकन मिळालं. नुकतं लग्न झालेलं जोडपं, मुलगा दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर आला आणि धापही टाकली नाही. त्याच्या बायकोला पडदे फार आवडले. ते तिने घरासोबतच मागून घेतले आणि टेपताईने देऊन टाकले. तिच्या डोक्यात नवीन खिडक्या होत्या.

नव्या घराची एक वही तिने केली. दरवाजे साडेतीन फूट, वॉकर दोन्ही बाजूंनी मोकळा जायला हवा. उंबरा कुठेच नाही. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं. दिव्यांची बटणं जमिनीपासून तीन फुटांवर. हात धुवायचं भांडं जमिनीपासून सव्वादोन फुटांवर. खोलीतून खोलीत जाताना फरशी एका पातळीत, पाव इंचाचाही फरक नको. मिस्त्रीने वही उलटून पाहिली आणि हसू दाबत म्हणाला, "ताई, घर बांधायचंय की झबलं शिवायचंय?"

"झबलं बिघडलं तर उसवता येतं, मिस्त्री," ती म्हणाली. "म्हणून लिहून दिलंय."

मिस्त्री माणूस भला होता. शब्दाचा पक्का, दारू नाही, उधळपट्टी नाही, कामगारांवर ओरडणं नाही. वहीतलं एकेक माप त्याने पाळलं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात त्याला दोष द्यायला कुणाची जीभ रेटली नाही.

पाया खणला त्याच सुमाराला डॉक्टरांनी सरकारच्या टाचांचं ऑपरेशन ठरवलं. मोठ्या शहरात, दोन्ही पायांना सहा आठवडे प्लास्टर. टेपताई मुलीला घेऊन तिकडेच राहिली. बांधकामावर नवरा रोज ड्यूटी संपवून चक्कर मारायचा आणि फोनवर सांगायचा, "काम झपाट्याने चाललंय बघ. जोतं झालं. भिंती कमरेपर्यंत आल्या." घराच्या भिंती ज्या चौथऱ्यावर उभ्या राहतात, ते जोतं. ती विचारायची, "दरवाजे साडेतीनच ठेवलेत ना?" तो म्हणायचा, "तुझी टेप इथे असल्यासारखाच घाबरून काम करतोय तो."

मायलेकी परत आल्या तेव्हा छताचा स्लॅब टाकून झाला होता. घरासमोर मुरमाचा मोठा ढीग होता आणि त्याच्यावरूनच घमेली आत-बाहेर होत होती. टेपताई त्या ढिगावरून चढून आत गेली. तिने अंगठ्याखाली टेप दाबून बटणांच्या जागा मोजल्या, दरवाजे मोजले, खिडक्या मोजल्या. सगळं तंतोतंत. इतकं समाधान तिला कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

ती निघताना मिस्त्रीने विचारलं, "ताई, पायऱ्यांना काळी फरशी लावू की लाल?"

"कुठल्या पायऱ्यांना?"

"या काय, पुढच्या. हा ढीग उचलला की पाच पायऱ्या बसतील."

तिला वाटलं तो थट्टा करतोय. मग तिने ढिगाच्या बाजूला जाऊन पाहिलं. जोतं तिच्या मांडीच्याही वर येत होतं. तिने टेप लावली. तीन फूट.

"मिस्त्री, हे एवढं उंच कशाला?"

"समोरची घरं बघा." त्याने बोट दाखवलं. समोरच्या दोन जुन्या घरांचे दरवाजे रस्त्याच्या खाली गेले होते, दाराशी विटांचे बांध घातलेले. "रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो. पाणी आत शिरतं. बिचारे बादल्या घेऊन बसतात. मी म्हटलं, आपल्या ताईंचं तसं नको व्हायला. एक फूट जास्तच भर घातली, त्याचे पैसेपण धरले नाहीत." बोलता बोलता त्याला तिचा चेहरा दिसला आणि तो थांबला. "वहीत तुम्ही जोत्याचं काही लिहिलं नव्हतं, ताई."

नव्हतंच लिहिलं. तिने तिथेच वही काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. उंचीची सगळी मापं जमिनीपासून वर होती. घरातली जमीन स्वतः कशापासून किती वर असावी, हे बारा वर्षांत तिला कुठल्याच घरात मोजावं लागलं नव्हतं.

नवऱ्यावर ती घरी येऊन चिडली. "रोज जात होता ना? डोळे काय बसमध्ये ठेवून जात होता?"

"अगं, मला काय कळणार, दगड भरत होते, मी म्हटलं मजबूत करतायत." तो चावी बोटाभोवती फिरवू लागला. "मी दिवसभर पायऱ्यांवरूनच चढतो-उतरतो गं. मला ती उंची दिसलीच नाही."

तिने भांडण तिथेच सोडलं आणि कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतःहून घरी आला. जोतं खाली घेता येतं का? नाही, त्यावर भिंती आणि स्लॅब उभा आहे. उतार करता येतो का? त्याने जमिनीवर खडूने काढून दाखवलं. वॉकरवाल्या मुलीला एकटीने चढायचं तर एक फूट उंचीला बारा फूट उतार हवा. तीन फुटांना छत्तीस फूट.

"पुढे अंगण किती?" टेपताईने विचारलं. तिला माहीत होतं.

"नऊ फूट."

"वळवून नेला तर?"

"वळायला पण जागा लागते, ताई. बाजूला तीनच फुटांची बोळ आहे, तिथून ड्रेनेज गेलंय." त्याने खडू खिशात टाकला. "नऊ फुटांत बसवला तर तो उतार नाही होणार, घसरगुंडी होईल. मी माझ्या हाताने तसं करणार नाही. पोरगी पडली तर?"

तरी नवऱ्याने एकदा फळ्या टाकून बघितलं. स्वतःच वॉकर धरून चढायला गेला आणि पाठीमागे सरकत थेट मुरमात बसला. कामगार हसले, तोही हसला. टेपताई मात्र त्या फळ्यांकडेच बघत होती. तिला तिथे दुसरंच कुणी पडलेलं दिसत होतं.

जुनं घर तोवर दुसऱ्याचं झालं होतं. ताबा द्यायची तारीख ठरलेली, त्या नव्या जोडप्याने रंग लावणाराही सांगून ठेवलेला. दोघांनी रात्रंदिवस डोकं चालवलं आणि शेवटी ठरवलं की सध्या राहायला जाऊ, मग बघू. मग काय बघायचं, ते दोघांपैकी कुणीच बोललं नाही. आणि सरकारला सांगायचं कुणी, यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत राहिले, ते सामान हलवायचा दिवस उजाडेपर्यंत.

टेम्पोतून उतरल्यावर बापाने सरकारला रस्त्यावर वॉकर धरून उभं केलं. तिने घराकडे पाहिलं. काळ्या फरशीच्या पाच पायऱ्या धुऊन चकचकीत केलेल्या होत्या.

"छत्तीसच्या पाच झाल्या, सरकार!" बाप म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

सरकार अंगणातच थांबते म्हणाली. सगळे सामान आत नेऊ लागले. टेपताई मशीनचं टेबल आत ठेवून बाहेर आली, तर अंगण रिकामं.

ती पायऱ्यांवरून धावत उतरली, रस्त्यावर आली, इकडे नाही, तिकडे नाही. मग चार घरं पलीकडे, टेकून ठेवलेल्या सायकलींच्या मागे तिला वॉकर दिसला. दोन मुली जमिनीवर खडे मांडून खेळत होत्या आणि सरकार वॉकरवर रेलून त्यांना सांगत होती, कुठला खडा कुठे टाकायचा ते.

"न सांगता गेलीस!" टेपताईच्या तोंडून निघून गेलं.

"हो," सरकार म्हणाली. चेहरा लालभडक, फुललेला. "रस्ता एकदम सपाट आहे, आई."

दिवस कलला तशा त्या मुली आपापल्या घरी पळाल्या. सरकार वॉकर ढकलत अंगणात आली आणि पहिल्या पायरीपाशी थांबली.

"उद्या सकाळी त्या परत खेळणार आहेत," ती म्हणाली. "मी खाली कशी येऊ?"

"मी आणीन ना."

"म्हणजे सांगूनच."

दारातून बापाने हाक दिली, "सरकार, तुमचा पलंग लागला! या बघायला!"

"अजून पाच मिनिटं," सरकार म्हणाली आणि वॉकर फिरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला निघाली. भिंतीपर्यंत जायची, वळायची, परत यायची. नऊ फूट तिकडे, नऊ फूट इकडे.

टेपताई खालच्या पायरीवर बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मुलीचे पाय थकलेले तिला दिसत होते, डावा जरा ओढला जात होता. तरी तिने चल म्हटलं नाही. एकदा उचलून आत नेली की आज परत खाली यायचं नाव नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.