माझ्यादेखत कानडीत

आधी अक्कांचं सांगते, मग झालं ते. जुन्या हुबळीत आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. सत्त्याण्णव साल असेल. माझी शाळा सहावीतच सुटलेली, माहेर पार माणकडं. आले तेव्हा कानडीचा एक शब्द येत नव्हता. अक्कांनी रोट्टी थापता थापता मला बोलायला शिकवलं. हे हुबळीतच वाढलेले, कानडी त्यांची घरचीच; पण मी शिकतेय ते ह्यांना कळू दिलं नाही. चुकलं तर हसतील, अशी धास्ती. आमच्या खोलीत मराठीच, तेही जेवणा-पाण्यापुरतं.

पाचव्या महिन्यात माझं पोटातलं मूल गेलं. दवाखान्यातून मला घरी सोडून हे तडक कोप्पीकर रोडला, कापडाच्या दुकानात कामाला. त्या विषयावर एक अक्षर नाही. संध्याकाळी आले की पाणी भरायचे, भांडी घासायचे, पाठ करून झोपायचे. मला वाटलं, ह्या माणसाला काही वाटतच नाही. भावाला निरोप धाडला, येऊन घेऊन जा. परत यायचं नाही असं ठरवूनच साड्यांचं गाठोडं बांधलं.

तो यायच्या आदल्या संध्याकाळी मी अक्कांच्या स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसले होते. अक्कांनी ह्यांना माळ्यावरचा डबा काढायला बोलावलं आणि माझ्यादेखत कानडीत विचारलं, बायको चालली, तुला काही वाटतं की नाही? आमच्याकडं असंच चालतं. ज्याला कळू नये त्याच्यासमोर दुसऱ्या भाषेत बोलायचं. हे माझ्याकडं न बघताच बोलले, तेही कानडीत.

"रोज कापडाच्या ठाणात तोंड खुपसून रडतो, अक्का. तिच्यापुढं रडलो तर तिनं कुणाकडं बघायचं? इथं तिचं आहे कोण?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. हे इतकं बोलू शकतात? पुढं म्हणाले, पोरीचं तोंड मी बघितलं, हिला बघू दिलं नाही.

मुलगी होती, हे मला तेव्हा कळलं. अक्कांकडं पाहिलं तर त्या चुलीत फुंकत होत्या, मान वर नाही. मग माझ्याच तोंडून आलं, "नन्न मुंद हेळ्री." माझ्यापुढं सांगा.

हे डबा धरून तसेच उभे. कधी शिकलीस, एवढंच विचारलं, मराठीत.

"तो डबा ठेव खाली," अक्का म्हणाल्या. "रिकामाच आहे."

त्या संध्याकाळी आम्ही आमच्या पोरीविषयी बोललो. ती कशी दिसत होती ते मी पुन्हा पुन्हा विचारलं. ह्यांचं मराठीत अडलं की कानडीत सांगायचे. दुसऱ्या दिवशी भाऊ आला, जेवला, एकटाच परत गेला. मला कानडी येत नसती तर मी गेलेच असते.

अक्का आता धारवाडला लेकाकडं असतात. त्यांचे यजमान वारल्यापासून गप्पच असतात म्हणे. त्यांना काय वाटतं हे कुणी विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही, मीही विचारलं नाही. एक दिवस जाऊन त्यांच्यासमोर बसणार आहे, आणि त्या बोलेपर्यंत उठणार नाही.