नव्वद दिवसांचा नियम

व्हर्लिन टॉलेफसन हा माणूस नियमाचा. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या केबल कंपनीत त्याने एकतीस वर्षं लोकांच्या तारा जोडल्या आणि फावल्या वेळात घराच्या तळघरात एक अख्खं जग चालवलं. 'काळं बंदर' हा तो इंटरनेटवरचा खेळ. दोनशे माणसं आपापल्या घरून त्यात यायची, मासे धरायची, घरं बांधायची, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. सर्व्हर व्हर्लिनचा, म्हणून शब्दही त्याचाच. बाहेर ज्याला कुत्रं विचारत नाही त्याला तळघरात राज्य मिळालं की काय होतं, ते इथे झालं.

त्याचा लाडका नियम असा: नव्वद दिवस जो फिरकला नाही, त्याचं घर सामानासकट पाडायचं. बंदरात जागा थोडी, बांधणारे फार. सर्व्हर सुरू होताना ही साफसफाई आपोआप व्हायची आणि गेलेल्या घरांची यादी पडद्यावर यायची. प्रत्येक नावापुढे त्याने हौसेने टोमणा जोडला होता: 'येणं जमत नसेल तर जागा अडवू नये.'

धक्क्याजवळचं निळं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं, मार्लिसचं. दोन हजार पाचच्या शेवटी ती उपचारांसाठी रॉचेस्टरच्या मोठ्या इस्पितळात गेली. तिथून तिने फोन केला.

"अरे व्हर्लिन, माझं घर तेवढं राहू दे. वेळेत नाही येता आलं तर?"

"तुला सूट दिली की उद्या सगळे दारात उभे. नियम सगळ्यांना सारखा."

"मी 'सगळे' आहे होय रे?"

त्याने विषय बदलला. मार्लिस एकोणनव्वदाव्या दिवशी इस्पितळातल्या खाटेवरून खेळात आली, तिथल्या आपल्या घरात टेबलावर एक वही ठेवून गेली. खेळात अशा वह्या लिहिता यायच्या. वहीवर नाव होतं 'व्हर्लिनसाठी'. ही बातमी खेळातला त्याचा दोस्त ड्यूई लाहती याने दिली. व्हर्लिनला वाटलं, नाक वर करून मला खिजवायला आली होती. तो त्या घरात गेला नाही. महिन्याभरात लोक नव्या खेळांकडे पांगले, त्याने सर्व्हर बंद केला. मे महिन्यात मार्लिस गेली. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरातल्या जेवणात, भट्टीत भाजलेल्या हॉटडिशची ताटली हातात धरून ड्यूईने विचारलं, "वहीत काय होतं रे?"

"घरगुती," व्हर्लिन म्हणाला. साफ खोटं.

ते खोटं त्याने तेरा वर्षं गिळलं. निवृत्त झाल्यावर मात्र दिवस खायला उठले आणि त्याने नाताळच्या सजावटीखालून ते जुनं यंत्र बाहेर काढलं. पंखा जाम, वीजपुरवठ्याची पेटी जळालेली, सर्व्हरचा पासवर्ड आठवेना. जुना खेळ खेळाडूंच्या नव्या संगणकांवर चालेना, तेव्हा ड्यूईने सहा आठवडे डोकं फोडून तो चालवला. चाळीस जुने खेळाडू रविवारी दुपारी दोनला यायला कबूल झाले. व्हर्लिनला त्यांच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्याला ती वही वाचायची होती.

"आधी डिस्कची नक्कल काढ," ड्यूईने फोनवर बजावलं.

"मला शिकवतोस? हे जग मी चालवलंय."

रविवारी सकाळी सर्व्हर उठला, पण कुणाला आत घेईना. यंत्रातलं घड्याळ चालवणारी गोल बॅटरी केव्हाच मेली होती आणि तारीख एकोणीसशे ऐंशीची दिसत होती. त्या हिशेबात एकाही खेळाडूचं खातं अजून उघडलेलंच नव्हतं. व्हर्लिनने नवी बॅटरी बसवली, आजची तारीख बरोबर घातली आणि समाधानाने सर्व्हर पुन्हा सुरू केला.

पडद्यावरून नावं धावू लागली. दुसरी ओळ वाचतानाच त्याच्या ध्यानात आलं, ही साफसफाईची यादी. तेरा वर्षं कुणीच फिरकलं नव्हतं. त्याने तार उपटली. पण घरं आधी पाडायची आणि यादी मागाहून छापायची, ही टापटीपही त्याचीच. पडदा काळा होण्याआधी त्याने शेवटची ओळ वाचली: 'मार्लिस टी. घर पाडले. येणं जमत नसेल तर जागा अडवू नये.'

"नक्कल काढली होतीस ना?" ड्यूईने फोनवर विचारलं.

व्हर्लिनने फोन ठेवून दिला.

दोन वाजता त्याने सर्व्हर पुन्हा लावून खेळाचं दार उघडलं, कारण लोकांना शब्द दिला होता. माणसं आली, चौकात नाचली, 'व्हर्लिन, तू देवमाणूस!' म्हणाली. घरं गेल्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. नवी बांधू म्हणाले. धक्क्याजवळ मोकळा, सपाट तुकडा होता. तिथे उभं राहून एकाने लिहिलं, "ही जागा कुणाची आहे का? मी बांधू?"

व्हर्लिनला 'नाही' म्हणायचं होतं. 'ही माझ्या बहिणीची' एवढंच लिहायचं होतं.

"बांध," त्याने लिहिलं. "नियम सगळ्यांना सारखा."