फळीवाले काका

आमच्या सोसायटीतले काका सकाळी घराबाहेर पडत ते काखेत लाकडी फळी घेऊनच. मागे त्यांची मिरी. काळी कुळकुळीत, डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके, लांबलचक अंग आणि वीतभर पाय असलेली डॅशहंड कुत्री. पायऱ्या आल्या की काका फळी टाकत, मिरी रुबाबात उतरे, काका फळी उचलत. पनवेलच्या तळ्यापर्यंत असाच प्रवास चाले. बँकेतून निवृत्त झालेल्या या माणसाला मी कधी घाईत पाहिलं नाही.

"हिची पाठ लांब, आधार कमी. उड्या मारून मणका सरकला की मागचे पाय गेले," ते सांगत. लोक तिच्या जातीला फ्लॅटमध्ये मावणारं कुत्रं म्हणून आणतात, सोफ्यावर उड्या मारू देतात, पोळ्या चारून लठ्ठ करतात, याचा त्यांना मनापासून राग होता.

उरणजवळच्या करंजाहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशी एकदा मिरीला पाहून म्हणाल्या, "काय ओ काका, कुत्री हाय का बोंबील?"

"हसू नका मावशी. जर्मनीत हिच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या शिकारीसाठीच असं घडवलंय. बॅजर नावाचा प्राणी बिळात राहतो, भारी चिडका. त्याच्या बिळात शिरायला असंच अंग लागतं." मग काका तिथेच उकिडवे बसले आणि एकेक दाखवू लागले. माती मागे फेकणारे रुंद पंजे, जमिनीखाली दम टिकवणारी खोल छाती, आणि एवढ्याशा जिवाचा तो दणदणीत आवाज. "खाली ही भुंकते, वर शिकारी त्या आवाजावर खणतो."

"माझ्या पाटीत नको खणू म्हंजे झालं," मावशी म्हणाल्या, आणि मांदेलीचं एक डोकं त्यांनी मिरीपुढे टाकलं.

गेल्या वर्षी काकांनी मुलीकडे नागपूरला राहायला जायचं ठरवलं. नातवाला दमा, त्यामुळे मिरीला नेता येणार नव्हतं. तिला मागायला बरेच जण आले. काका प्रत्येकाला एवढंच म्हणत, "उचल बघू." जो तो तिच्या पुढच्या पायांखाली हात घालून उचले, मागचं अंग लोंबकळत राही. काका तिला परत घेत.

मीही मागितली. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले माझे वडील, अण्णा, मिरी आली की हसत. मी तिला बरोबर उचललं, एक हात छातीखाली, एक कमरेखाली. तरी काकांनी मान हलवली. "पाहून शिकलास. पण तुझ्या हातात घाई आहे रे."

मला राग आला. घरी आलो आणि मग त्यांचं म्हणणं पटलं. ऑफिसच्या गडबडीत मी अण्णांना रोज काखेत हात घालून, ओढून बसवत होतो. तेव्हा ते डोळे घट्ट मिटून घेत. मी त्याला झोप समजत आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून एक हात त्यांच्या पाठीमागे, दुसरा मांड्यांखाली घालू लागलो. त्यांचा श्वास लागला की थांबायचं, मग उचलायचं. ऑफिसला उशीर होऊ लागला. अण्णा डोळे उघडे ठेवून बसू लागले. आधीच्या त्या सगळ्या सकाळींचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी काका अण्णांचा निरोप घ्यायला आले. मी अण्णांना बसवत होतो. काका दारातच थांबले आणि माघारी वळले. मला वाटलं, गेले. थोड्या वेळाने आले ते काखेत फळी आणि मागे मिरी. फळी त्यांनी अण्णांच्या पलंगाला टेकवून लावली. मिरी सावकाश वर चढली आणि अण्णांच्या हातावर हनुवटी टेकून पडली.

"फळी काढू नकोस," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली, तशी त्यांनी काच खाली केली.

"उचल बघू."

मी मिरीला उचललं. त्यांनी ना तिच्या तोंडाकडे पाहिलं, ना माझ्या. फक्त तिच्या कमरेखालच्या माझ्या हाताकडे बघत राहिले. मग काच वर केली.