घंटी शेवटी

पेणच्या स्टँडमागे ज्याचं सायकलचं दुकान आहे, त्या मिस्त्रीला स्वतःचं कौतुक करायला दुसरं कुणी लागत नाही. "पेणमधी माझ्यासारखा हात नाय," हे तो नुसती हवा भरायला आलेल्यालाही ऐकवतो. दुकानाच्या दोन्ही बाजूंना गणपतीचे कारखाने आहेत. तिथे रंग कुणीही मारतो, पण डोळ्यांची आखणी मुख्य कारागीरच करतो, तीही सगळ्यात शेवटी. मिस्त्री म्हणतो, घंटी म्हणजे सायकलचे डोळे. तिला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

माझा मित्र सलीम कुवेतला असतो. रोह्याला त्याच्या घरामागे गंजत पडलेली सायकल मी टेम्पोत घालून मिस्त्रीकडे आणली.

"भंगार हाय. पण तू घासणार असशील तर करू."

महिनाभर रोज संध्याकाळी मी रॉकेल आणि काचपेपर घेऊन बसलो. मिस्त्री चाक फिरवायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "अजून रडतंय. खोल परत."

एक दिवस चाक न रडता फिरलं. त्याने खिशातून घंटी काढली, बनियनला पुसली आणि मला बाजूला सारून बसवली.

सलीम सुट्टीवर आला, तसा मी त्याला दुकानात घेऊन गेलो. सायकलभोवती दोन फेऱ्या मारून त्याने विचारलं, "कुणी केली ही?"

आता मिस्त्रीचं पुराण सुरू होणार, म्हणून मी स्टूल ओढून बसलो. मिस्त्रीने मान वर न करता पाना माझ्याकडे रोखला.

"तुझ्या दोस्तानं. मी निस्ती घंटी लावली."