वस्तऱ्याखालचं लोकमत

बडोद्यातल्या अकोट्यातला माझा न्हावी गळ्यावर वस्तरा टेकवूनच लोकमत घ्यायचा. "बोलो काका, नशाबंदी राखवी के काढवी?" म्हणजे दारूबंदी ठेवायची की उठवायची? मान न हलवता सगळे म्हणायचे, "राखवी!" मग सगळं बडोदं बंदीच्या बाजूनं आहे, असं तो खुशीत जाहीर करायचा. मीही वर्षानुवर्षं "राखवी"च म्हणत आलो. घरी बाटली मात्र गव्हाच्या पिंपात. परवा मागच्या बाकावर माझ्या मुलीचे होणारे सासरे बसले होते. तरीही मी कंटाळून बोलून गेलो, "काढवी. मी स्वतः घेतो."

वस्तरा थांबला. लग्न मोडलं, असं समजून मी डोळे मिटले. न्हावी कानाशी वाकला. "बंदी उठेल तेव्हा उठेल, काका. तोवर तुम्हाला आणून कोण देतो?"

उत्तर ऐकायला व्याहीही बाक सोडून जवळ आले.