उपाशी आग

सखारामजी तेली कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी दिव्याकडे बघत. काच काळी दिसली की चुकचुकत आणि धोतराच्या सोग्याने पुसायला बसत. "दिवा बी जेवते, बाई," मला म्हणायचे. "तेल त्याची भाकर, अन् हवा त्याचं पानी. पानी नसन तं घास नरड्यात अडकते. मंग उपाशी आग काजळी ओकते."

अकोल्यात आमची भिंतीला भिंत. कापसाला सोन्याचा भाव आला होता ती वर्षं. ज्याला त्याला पैसा दिसत होता आणि झोप कुणालाच नव्हती. आगगाडीने कापूस जाई आणि येताना मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, येई. त्या तेलाने सखारामजींची जवसाची घाणी बंद पाडली. त्यांनी रडगाणं गायलं नाही. बैल विकला आणि तेच तेल विकायला बसले. "ज्यानं पोटावर पाय देला, त्याच्याच घरी चाकरी," एवढंच म्हणाले. लेक सरू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा गल्लीतला पहिला काचेचा दिवाही त्यांनीच आणला.

बाळंतिणीला वारं लागू नये आणि सटवाईची पूजा होईपर्यंत खोलीतला दिवा विझू नये, ही आपली रीत. पणतीवर ते निभत होतं. या दिव्याची भूक मोठी. सखारामजींच्या बायकोने, सोनाबाईंनी, दाराखिडकीच्या फटींत कापूस कोंबला. त्या भावाचा कापूस, बघा. तेल पुरावं म्हणून वात उतरवून ठेवली.

पूजेच्या आदल्या दुपारी मी मेथीचे लाडू घेऊन गेले. सरू डोकं धरून पडलेली, हाकेला ओ देईना. बाळ मलूल. काच काळीठिक्कर. त्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नसतं, पण माझी हाक ऐकून सखारामजी आत आले. त्यांनी फटीतला कापूस ओढून काढला आणि खिडकी सताड उघडली.

सोनाबाई आडव्या आल्या. "काहून जीव घेऊन राह्यले लेकराचा? वारं लागन त्याले."

"दिव्याले हवा पुरून नाही राह्यली, तं पोरीले कुठून पुरन?"

सरू संध्याकाळी उठून बसली. बाळ दुसऱ्या दिवशी गेलं.

वारं लागलं, असं सगळी गल्ली म्हणाली. मला तेव्हाही ते पटलं नाही, आजही पटत नाही. मी चिडून म्हटलं, "सखारामजी, सांगा ना लोकांना. खिडकी उघडली नसती तर सरूही गेली असती."

"कायले सांगू? दिवा बी मीच आनला, खिडकी बी मीच उघडली. राहू दे माह्याच नावावर. तिच्या मायनं कोंबलेल्या कापसाचं नाव काढून काय भेटन मले?"

पुढे सोनाबाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. तेही थकत गेले. दुसऱ्यांच्या काचा मात्र पुसत राहिले.

ते गेले त्या दिवशी वारा फार होता. उशाशी लावलेला दिवा विझेल म्हणून कुणीतरी खिडकी लावायला उठलं. सोनाबाईंनी हात धरला.

"राहू द्या उघडी," त्या सगळ्या गल्लीसमोर म्हणाल्या. "तवा फटीत कापूस म्या कोंबला होता."