दोन बोटांची जागा

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा विशीत होतो. देवास गेटच्या बस स्टँडमागे माझा मित्र वसंता आपल्या दुकानात बसच्या कमानपट्ट्यावर, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यावर, हातोडी मारायचा आणि कान लावायचा. चांगला पट्टा 'ठण्ण' असा लांब वाजायचा. तडा गेलेला 'ठक्' करून गप्प व्हायचा. "हा टिकत नाही," वसंता सांगायचा. ज्याने ऐकलं नाही तो तिसऱ्या दिवशी तोंड पाडून परत यायचा!

त्या दुकानात इतकी वर्षं बसलं की किस्से साठतातच, बाकाखाली नटबोल्ट साठतात तसे. आज झाडायला घेतले आहेत.

वसंताचा एक नियम होता. बस माणसांनी भरली तरी खालचा अॅक्सल आणि वरचा रबरी ठोकळा यांच्यात दोन बोटं जागा राहिली पाहिजे, म्हणजे खड्ड्यात आपटत नाही. तो स्वतःची बोटं घालून बघायचा. बोटं गेली नाहीत तर गाडी सोडायचा नाही.

आता त्याच दुकानात त्याची मुलगी मधू काम करते. ती कार जमिनीजवळ आणून बसवते. स्प्रिंगच्या आत धक्का झेलणारा शॉकर, बाहेर उंची कमीजास्त करायच्या रिंगा, असा तो सगळा सांगाडा असतो. त्याला कॉइलओव्हर म्हणतात. मला तो शब्द नीट म्हणायला महिना लागला.

वसंताला हे पटलं नाही. "जन्मभर आपण गाड्या उचलल्या, आणि ही खाली बसवते!" एक दिवस त्याने खिळ्यावरची शटरची चावी काढून खिशात टाकली. दिवाळीनंतर जागा टाइल्सवाल्याला देणार, असं सांगून टाकलं. तेव्हापासून सकाळी तोच शटर उघडायचा आणि आत पाऊल न टाकता परत जायचा. संध्याकाळी येऊन बंद करायचा. मधू मात्र काम करत राहायची.

•

फ्रीगंज भागातला एक हिंदी बोलणारा तरुण आला. गाडी खाली आणायची म्हणून त्याने घरीच रिंगा फिरवत नेल्या होत्या. इतक्या, की स्प्रिंग आत सैल हलत होती आणि शॉकरला दबायला जागाच उरली नव्हती. टॉवर चौकातल्या प्रत्येक खड्ड्यात 'धाड'!

तरी म्हणाला, "दीदी, थोड़ी और नीचे!"

मधूने गाडीखालून मान बाहेर काढली. "भिया, छोटा दिखना है तो चप्पल उतारो. तुमने तो घुटने काट दिए!"

मग तिने स्प्रिंग पुन्हा घट्ट बसवली, शॉकरच्या तळाची, स्क्रूसारखी आट्यांवर फिरणारी बैठक फिरवली आणि तिथून उंची कमी केली. गाडी तेवढीच खाली, धाड बंद! दुसऱ्या दिवशी तो चार मित्रांना घेऊन आला. चौघांचेही घुटने कापलेले.

•

गिऱ्हाईक आलं की मधू गाडी नंतर बघते. आधी विचारते, "घर कुठे?" मग ती त्या घरासमोरचा स्पीड ब्रेकर मोजायला जाते.

भैरवगढ़ला एका कापडछपाईवाल्याकडे मीही तिच्याबरोबर गेलो होतो. फळी आणि फूटपट्टी घेऊन ती रस्त्यावर उकिडवी बसली. एका आजींनी दारातून विचारलं, "नगर निगम से आई हो, बेटा?" मधू उत्तर देईपर्यंत आठ बायका जमल्या. नाल्यावर झाकण नाही, खांबावर दिवा नाही, सगळं सांगून झालं. मधूने ब्रेकरच्या उंचीखाली सगळं वहीत उतरवून घेतलं.

"अगं, हे तू कशाला लिहितेस?" मी विचारलं.

"काका, किती आशेने सांगतायत!"

वहीतलं ते पान तिने खरंच निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, खिडकीवर नेऊन दिलं. काही दिवसांनी नाल्यावर झाकण बसलं. मधू लगेच भैरवगढ़ला गेली. झाकणाची उंची मोजायला!

•

गाडीच्या चारही कोपऱ्यांची उंची जुळवताना चालवणारा माणूस सीटवर हवा. बँकेतल्या एका साहेबांना वेळ नव्हता. त्यांनी फोनवर वजन सांगितलं, सत्तर किलो. आम्ही सीटवर तेवढे गहू ठेवून चारही बाजू सारख्या केल्या. साहेब बायकोबरोबर गाडी न्यायला आले, सीटवर बसले, आणि उजवी बाजू चांगली बोटभर खाली गेली.

"साहेब, वजन नक्की किती?"

"सत्तर."

मागून काकू म्हणाल्या, "सत्तर लग्नात होतं!"

मधू अजिबात हसली नाही. म्हणाली, "काकू, तुम्हीही बसा ना, नेहमी बसता तिथे."

काकूंचं हसू तिथेच थांबलं.

•

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे. शॉकरच्या चकचकीत दांड्यावर मधू प्लास्टिकचा एक बारीक पट्टा बांधते. गाडी चालवून आणली की शॉकर जितका दबला तितका तो पट्टा वर सरकलेला दिसतो. वरच्या रबरापर्यंत किती जागा उरली ते त्यावरून कळतं. एकदा ती स्वतःच्या गाडीत पोती भरून दिवसभर खराब रस्त्यांवर फिरून आली आणि हात धुवायला गेली. मला वाटलं, पोरगी दमली आहे, आपण गाडी साफ करून ठेवू. चारही पट्टे कचरा समजून मी कापून टाकले!

तिने पाहिलं. मला वाटलं आता ओरडेल.

"चला काका," ती म्हणाली, "पुन्हा चक्कर मारू. मला पोहे खायचेच होते."

याहून लहान चुकीला वसंताने पाना फेकून मारलेला मी पाहिला आहे.

•

दिवाळीला आठवडा राहिला होता. सकाळी वसंताने शटर उघडलं आणि तो परत गेला नाही. मधूच्या गाडीजवळ येऊन उभा राहिला.

"बाबा, बसता?"

तो बसला. मागे मी आणि गव्हाची पोती. भैरवगढ़च्या रस्त्याला लागल्यावर त्याने डोळे मिटले आणि कान काचेकडे नेला. बसच्या कमानपट्ट्याला लावायचा, तसा. खड्डे आले, ब्रेकर आले, नाल्याचं झाकणही आलं. कुठे 'ठक्' नाही. 

दुकानात आल्यावर त्याने स्वतः जॅक लावला. चाक काढलं. गुडघ्यावर हात देत हळूहळू खाली बसला. स्प्रिंगच्या वेढ्यांमधून त्याने हात आत घातला आणि सरकलेला प्लास्टिकचा पट्टा व वरचं रबर यांच्यामध्ये बोटं नेली.

दोन बोटं गेली.

तो मग उठला, हात पुसले, खिशातून शटरची चावी काढून पुन्हा त्याच खिळ्याला लावली, आणि देवास गेटकडे चालू लागला.